चालण्याने लागणारा दिवा

यहुदी धर्माच्या आचारशास्त्राला हालाखा म्हणतात, आणि त्यानुसार शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंतच्या शब्बाथमध्ये, म्हणजे पवित्र विश्रांतीच्या काळात, दिवा लावणेही निषिद्ध आहे आणि विझवणेही. इ. स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथाने निषिद्ध कामांचे 39 वर्ग सांगितले असून ही दोन्ही कामे त्यांत स्वतंत्रपणे मोजली आहेत. विजेच्या दिव्याचे बटण शब्बाथला दाबू नये हे सनातनी आचारात सर्वमान्य आहे, मात्र त्यामागील कारणाविषयी मतभेद आहेत. बल्बमधील तार तापून लाल होते म्हणून ते अग्नी पेटवणेच ठरते, असे अनेकांनी मानले. खझोन इश या नावाने ओळखले जाणारे अव्राहाम येशाया कारेलिट्झ (1878–1953) यांनी विद्युतमंडल जोडणे ही एक प्रकारची बांधणी मानली, तर जेरुसलेमचे श्लोमो झाल्मान आउअरबाख (1910–1995) यांना ती उपपत्ती पटली नाही. या साऱ्या चर्चेत बटणाकडे जाणारा हात मात्र गृहीत होता. हालचाल टिपून दिवा लावणाऱ्या सेन्सरने तो हातच वगळला, आणि कर्म कशाला म्हणावे हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला.

घरांत सामान्यतः बसवला जाणारा सेन्सर स्वतः कोणतीही लहर सोडत नाही. माणसाच्या शरीरातून सतत बाहेर पडणारे अवरक्त किरण त्याच्या भिंगातून आतल्या संवेदनक्षम घटकावर पडतात, आणि माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेला की त्या किरणांतील बदल टिपून स्विच जोडला जातो. दिवा लागण्यासाठी माणसाला उष्ण देह घेऊन चालण्यापलीकडे काहीही करावे लागत नाही.

हालाखाने हेतूला फार मोठे स्थान दिले आहे. बाक ओढताना जमिनीवर चर उमटण्याचा संभव असला, तरी चर पाडण्याचा हेतू नसेल आणि तो उमटेलच अशी खात्री नसेल, तर बाक ओढणे निषिद्ध नाही, हे रब्बी शिमोन यांचे मत तालमूदने, म्हणजे मिश्नावरील चर्चांच्या ग्रंथाने, स्वीकारले. परंतु परिणाम अटळ असेल तर हेतू नव्हता ही सबब चालत नाही, आणि अशा अटळ परिणामाला ‘प्सिक रेशा’ ही संज्ञा आहे. अकराव्या शतकातील रोमचे नातान यांनी यात आणखी एक भेद केला, तो असा की अटळ परिणाम कर्त्याला नकोसा किंवा निरुपयोगी असेल तर दोष नाही. पुढील अनेक शास्त्रकारांनी तो मान्य केला नाही. रस्त्यावरून जाताना परक्या घराचा दिवा लागला, तर पादचारी केवळ आपल्या वाटेने चालत असतो, या आधारावर इस्राएलमधील ब्नेई ब्राकचे रब्बी श्मुएल वोझनर यांनी सौम्य भूमिका घेतली. स्वतःच्या जिन्यात मात्र हा आधार टिकत नाही, कारण तेथे दिवा लागणे अटळ आहे, हवेसे आहे आणि त्यासाठीच तो सेन्सर विकत आणलेला आहे. पाऊल तेच असूनही निर्णय बदलतो, याचा अर्थ असा की दोषाचा मोठा भाग पावलात नसून साधनाच्या निवडीत आहे.

मिश्नाला ही दृष्टी अपरिचित नाही. दिव्याच्या तोंडावर तेलाने भरलेले, भोक पाडलेले अंड्याचे कवच ठेवू नये, असे तेथे सांगितले आहे, कारण त्यातील तेल कोणी काढून घेईल अशी भीती होती, आणि जळत्या दिव्याचे तेल काढणे हे तालमूदच्या मते विझवणे, तर तेल वाढवणे हे पेटवणे होय. परंतु कुंभाराने ते तेलपात्र मुळातच दिव्याला जोडून घडवले असेल, तर हरकत नाही. शब्बाथचे पालन अशा रीतीने कुंभाराच्या चाकापर्यंत मागे जाते, ही या शास्त्राची अत्यंत मोलाची सूक्ष्मता आहे.

तेलाशी जोडलेला हा धर्म मराठी भाषकांना परका नाही. कोकणातील बेने इस्राएल हे यहुदी तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. घाणा थांबला आहे की नाही हे गावाला दिसत असे. सेन्सर बसवलेल्या घरात मात्र काय थांबले आहे हे घरधन्यालाही सहज दिसत नाही. आज या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत राहतात, आणि त्यांच्यापैकी जे शब्बाथ काटेकोरपणे पाळतात त्यांच्यापुढे हा प्रश्न जिन्याजिन्यात येतो.

म्हणून साधनाच्या निवडीकडे वळावे लागते. आपोआप लागणारा व विझणारा स्विच या दृष्टीने सर्वांत अयोग्य आहे. हाताने लावायचा आणि हालचाल थांबल्यावर आपोआप विझणारा स्विच बरा वाटतो, कारण विझलेल्या दिव्याखालून कितीही चालले तरी तो लागत नाही. परंतु दिवा जळत असताना प्रत्येक पाऊल त्याची मुदत वाढवते, आणि तेल वाढवण्याचा नियम येथे लागू होतो का, हे विचारावेच लागते. मुदत वाढवणे हे दूरचे, अप्रत्यक्ष कारण मानून, ज्याला ‘ग्रामा’ म्हणतात, सौम्य निर्णय देता येईल. स्तब्ध बसल्याने दिवा विझणे हा दोष मानणे मात्र अवघड आहे, कारण तेथे कृतीच नाही. सेन्सरला बगल देऊन दिवा सतत चालू किंवा सतत बंद ठेवणारी बायपासची सोय सर्वांत निर्दोष दिसते, तरी तीही तपासून घ्यावी लागते: कित्येक स्विचांत बगल दिल्यावरही सेन्सर जागाच राहतो आणि समोरून कोणी गेले की त्याच्यावरचा बारीक तांबडा दिवा लुकलुकतो, त्यामुळे केवळ मोठ्या दिव्याचा नव्हे तर सेन्सरचाही वीजपुरवठा तोडणारे बटण शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी फिरवता येईल, अशीच जोडणी तारतंत्र्याकडून करून घेणे इष्ट ठरते.