हिशेबाबाहेरचं

तुर्की भाषेत बिलाला ‘हेसाप’ म्हणतात. हा आपला हिशेबच. अरबीतून निघालेला हा शब्द एकीकडे इस्तंबूलच्या खानावळीत पोचला आणि दुसरीकडे फारसीच्या वाटेनं आपल्या वाण्याच्या वहीत. पाहुण्याला तिथे ‘मिसाफिर’ म्हणतात. आपल्याकडे मुसाफिर म्हणजे वाटेवरचा माणूस. तुर्कीत तोच शब्द उंबऱ्याच्या आत आला आणि पाहुणा झाला. भाषांतराचं काम करणाऱ्या माणसाला असे शब्द भेटले की नातेवाईक भेटल्यासारखं वाटतं, आणि नातेवाइकांवर ठेवावा तेवढाच भरवसा त्यांच्यावर ठेवावा हे तो विसरतो. माझंही तसंच झालं.

काही वर्षांपूर्वी इस्तंबूलमधली भाषांतरकारांची एक कार्यशाळा संपवून मी एकटीच साफ्रानबोलूला गेले. बसनं सहा-सात तासांचा रस्ता. जुन्या व्यापारी मार्गावरचं हे गाव. केशरावरून त्याचं नाव पडलं. लाकूड आणि मातीच्या विटांची, रस्त्यावर झुकलेल्या वरच्या मजल्यांची ऑटोमन काळातली घरं तिथे अजून नांदती आहेत. 1994 साली युनेस्कोनं गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हापासून प्रवासी वाढले आणि त्यातल्या कित्येक घरांची छोटी हॉटेलं झाली. मी उतरले ते असंच एक सात खोल्यांचं घर होतं. मालकीणबाई साठीच्या पुढच्या. दारातच चपला काढायला लावून त्यांनी सपाता दिल्या, हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन ओतलं. मी त्यांना ‘तेय्झे’ म्हणू लागले. तेय्झे म्हणजे नेमकी मावशी. आत्याला तुर्कीत वेगळा शब्द आहे. इंग्रजीत हरवणारं हे नातं इथे जसंच्या तसं सापडलं, याचाच मला आनंद.

तीन रात्रींचं आरक्षण होतं. तिसऱ्या रात्री मला सडकून ताप भरला. पहाटे दोनच्या सुमारास पाणी शोधत जिन्यापर्यंत आले आणि तिथेच बसले. तेय्झेंनी कधी पाहिलं कोण जाणे. शेजारच्याला उठवून, त्याच्या गाडीतून त्यांनी मला काराब्युकच्या इस्पितळात नेलं. उजाडेपर्यंत त्या बाकावर बसून होत्या, डोक्यावरचा रुमाल सारखा करत. पुढचे चार दिवस मी अंथरुणात. मसुराच्या डाळीचं सूप, लिंडनच्या फुलांचा काढा, कपाळावर ओला कपडा. माझी तुर्की मोडकीतोडकी, त्यांना दुसरी भाषा येत नव्हती. येता-जाता त्या ‘गेच्मिश ओल्सुन’ म्हणत. आजाऱ्याला तिथे असंच म्हणतात: सरलेलं असो. आपण ‘बरी हो’ म्हणतो ते माणसाला. ते आजाराला उद्देशून बोलतात.

आठव्या दिवशी निघताना मी हेसाप मागितला. चौकटीच्या वहीच्या कागदावर तीन रात्री लिहिल्या होत्या. मी बोटांवर सात मोजून दाखवल्या. तेय्झेंनी मान हलवली. त्यांचं म्हणणं मला कळलं ते असं: तीन रात्री तू मुश्तेरी होतीस, म्हणजे गिऱ्हाईक. नंतर आजारी पडलीस. आजारी माणूस गिऱ्हाईक नसतो, मिसाफिर असतो.

मी वाद घातला, हरले आणि मग एक युक्ती केली. चार रात्रींचे पैसे, त्यावर इस्पितळात जाण्या-येण्याच्या गाडीचे म्हणून आणखी काही, असे लिरा मोजून उशीच्या अभ्र्यात ठेवले. मी टॅक्सीत बसले तेव्हा तेय्झेंनी मागे तांब्याभर पाणी ओतलं. पाण्यासारखी जा, पाण्यासारखी परत ये, अशी त्यामागची भावना. मी काच खाली करून हात हलवला. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात कृतज्ञता कमी आणि समाधान जास्त होतं. हिशेब चुकता केल्याचं समाधान.

बस सुटायला दहा मिनिटं असताना त्यांचा भाचा स्कूटरवरून धापा टाकत आला. हातात पाकीट. त्यात माझे सगळे लिरा आणि शिवाय मिठाईचा पुडा. तो म्हणाला, तेय्झे ‘किरिल्दी’. शब्दशः अर्थ, तुटली, मोडली. मराठीत आपण ‘दुखावली’ म्हणू. दुखणं बरं होतं; तुटलेलं जोडावं लागतं. त्या बस स्थानकावर भाषांतराचा हा विचार खरंच माझ्या मनात आला, आणि त्याचीही लाज वाटली.

मी त्यांना काय केलं होतं? मार्सेल मोसनं 1925 साली दानावरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवलं की भेट फुकट नसते. घेणाऱ्यावर ती परतफेडीचं बंधन घालते आणि ज्याला फेडता येत नाही तो खालच्या पायरीवर जातो. मोसकडे न जाताही मराठी माणसाला हे ठाऊक असतं. आपल्याकडे ‘मिंधा’ हा शब्द आहे. माझी आई शेजारून वाटीभर काही आलं की वाटी रिकामी परत पाठवत नसे. निदान साखर तरी घालून द्यायची. त्यात सौजन्य होतं, तशी मिंधेपणाची धास्तीही होती. उशीच्या अभ्र्यातले पैसे ही माझी वाटीतली साखर होती. फरक एवढाच की आईची वाटी शेजारणीच्या हातात जाई, तोंडावर, हसत. मी पैसे लपवले होते. तेय्झेंनी मला गिऱ्हाइकाची पाहुणी केली. मी त्यांच्या पाठीमागे पुन्हा गिऱ्हाईक झाले, आणि त्यांना दुकानदार केलं.

पण याच्या उलट वागले असते तर? आपल्याकडे सभासमारंभात आभार मानणारा वक्ता हमखास म्हणतो की आभार मानून मला ऋणातून मुक्त व्हायचं नाही, मी तुमच्या ऋणातच राहणं पसंत करतो. टाळ्या पडतात. मीही हे वाक्य वापरलेलं आहे. ऐकायला नम्र वाटतं, पण त्यात एक सोय आहे. ऋण कायम ठेवलं की ते फेडावंही लागत नाही आणि माफ करा असं म्हणावंही लागत नाही. ज्याचं देणं आहे त्याला काय वाटतं, हे तर कोणी विचारतच नाही. पैसे लपवणारी मी आणि ऋणातच राहू इच्छिणारा वक्ता, दोघांनीही समोरच्या माणसाला निर्णयातून वगळलेलं असतं.

बस स्थानकावर मला एक वाक्य आठवलं. तुर्की शिकताना ते भाषांतराला अवघड म्हणून वहीत लिहून ठेवलं होतं: ‘हाक्कनी हेलाल एत’. लांबच्या प्रवासाला निघताना, मृत्यूशय्येवर, कुणाचा कायमचा निरोप घेताना तिथली माणसं हे म्हणतात. यातला हाक म्हणजे आपला हक्क, हेलाल म्हणजे हलाल. दोन्ही शब्द मराठीत आहेत आणि दोन्ही इथे निरुपयोगी. आपला हक्क मागायचा असतो, नाकारला तर कोर्टात जायचं असतं. आपला हलाल खाटकाच्या दुकानाच्या पाटीवर राहतो. वाक्याचा अर्थ साधारण असा: तुझं जे काही माझ्याकडे येणं आहे, तुझे जे कष्ट माझ्या अंगाला लागले आहेत, ते तू मला राजीखुशीनं सोडून दे. मी फेडू शकत नाही हे कबूल. मी विसरणार नाही हेही खरं. पण ते सोडणं तुझ्या हातात आहे.

भाच्यानं फोन लावून दिला. मी वाक्य म्हटलं, बहुधा चुकीच्या उच्चारात. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ‘हेलाल ओल्सुन’, हलाल असो. आणि लगेच, ‘सेन दे हेलाल एत, किझिम.’ मुली, तूही सोडून दे.

बस सुटली आणि मी त्या दुसऱ्या वाक्यापाशी अडकले. माझा त्यांच्यावर कसला हक्क? त्यांच्याकडून एखादं वेळी सूप गार आलं असेल, एखादी हाक ऐकू गेली नसेल, म्हणून? तो रिवाज आहे हे मला माहीत होतं. पण रिवाज उगाच पडत नाहीत. देणाऱ्यानंही घेणाऱ्याकडे काही मागितल्याशिवाय दोघं एका पातळीवर येत नाहीत. यजमान कितीही उदार असला तरी त्याच्या घरात पाहुणा दुबळा असतो; भाषा येत नसलेला आणि तापात असलेला तर फारच. दुबळ्या माणसाच्या बाबतीत आपल्याकडून नकळत काही चुकलं असेल, याची जाणीव त्या शब्दांत होती. माझ्याकडून असं कधीच कुणाला म्हटलं गेलं नव्हतं.

म्हणजे तसं म्हणायला हवं होतं, अशी माणसं होती. बडोद्यात आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता. टांझानियातून शिकायला आलेले दोन विद्यार्थी पाहून गेले. सभेत चर्चा झाली: रात्री-अपरात्री येणंजाणं, स्वयंपाकाचे वास, ‘आपल्या मुली’. उघड काय ते कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. ठराव इंग्रजीत नीट लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी भाषा चांगली. मी लिहिलं की सदनिका केवळ कुटुंबांनाच भाड्यानं द्याव्यात. सभेत जे बोललं गेलं त्याचं ते उत्तम भाषांतर होतं. कुठेही डाग न दिसणारं. आठवड्यानं त्यातला एक जण लिफ्टपाशी भेटला. फ्लॅट गेला का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, हो, गेला. त्यानं माझे आभार मानले.

हे साफ्रानबोलूच्या आधीचं. परतीच्या बसमध्ये ते आठवलं, आणि मनानं ताबडतोब एक तोडगा काढला: तेय्झेंनी केलं तसं आता आपण दुसऱ्या कुणासाठी करायचं, म्हणजे झालं. हा विचार लोकप्रिय आहे आणि वाईटही नाही. त्यानं जगात थोडं भलं होत असेल. पण त्यातली हिशेबाची रीत खोटी आहे. तुर्कीत ‘कुल हाक्की’ असा शब्दप्रयोग आहे: माणसाचा माणसावरचा हक्क. श्रद्धा अशी की देवाचं देणं देव माफ करील, पण माणसाचं देणं त्या माणसानंच सोडावं लागतं. श्रद्धा बाजूला ठेवली तरी विचार पक्का आहे. तेय्झेंनी त्यांचा हक्क सोडला. त्या विद्यार्थ्यांचा सोडायचा अधिकार त्यांना नव्हता. आणि मी उद्या दहा परक्यांना घरी जेवू घातलं तरी ते त्या दोघांच्या खात्यात जमा होत नाही.

शिवाय दोन्ही देणी एका जातीची नाहीत. कांटनं 1795 साली चिरशांतीवरच्या निबंधात आतिथ्याला परोपकाराच्या यादीतून काढून हक्काच्या यादीत घातलं, पण तो हक्क अगदी काटकसरीनं आखला: परक्या भूमीवर आलेल्या माणसाला शत्रूसारखं वागवलं जाऊ नये, एवढाच. पाहुणा म्हणून ठेवून घेण्याचा हक्क त्याला नाही. त्यासाठी वेगळा स्नेहाचा करार लागतो. तेय्झेंनी मला जे दिलं ते कोणताही कायदा मागू शकत नाही, म्हणूनच ते देणं होतं. त्या विद्यार्थ्यांनी आमच्याकडे पाहुणचार मागितलाच नव्हता. ते पैसे देऊन राहणार होते. एका बाईनं गिऱ्हाइकाला पाहुण्याची जागा दिली. आम्ही त्यांना गिऱ्हाइकाचीसुद्धा दिली नाही. परदेशातल्या आतिथ्याच्या गोष्टी आपण आवडीनं सांगतो, कारण त्यात आपण घेणारे असतो आणि जग भलं असतं. त्याच गोष्टी ऐकणाऱ्यानं ‘आणि तुमच्याकडे?’ असं विचारलं तर विषय बदलतो.

मी पुढच्या वार्षिक सभेसाठी तो ठराव रद्द करण्याची सूचना लिहून दिली आहे. या वेळी भाषा गुळगुळीत ठेवलेली नाही. मूळ ठराव कशासाठी होता आणि तो कोणी लिहिला, तेही त्यात आहे. मंजूर होईल असं वाटत नाही. झाली तरी त्या दोघांचं येणं तसंच राहील. त्यांची नावं मी तेव्हा विचारली नव्हती.

तेय्झेंना दर नोव्हेंबरात फोन करते. बोलणं दोन-तीन मिनिटांत संपतं, कारण माझी तुर्की तेवढीच. ठेवताना मी मराठी सवयीनं ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणते आणि त्याचं भाषांतर करून सांगते. त्यांना ते पटतं. परत आलेलं पाकीट माझ्या टेबलाच्या खणात आहे. लिराची किंमत सारखी घसरते आहे. त्या नोटांत आता एखादी रात्रसुद्धा मिळणार नाही. त्या खर्च कराव्यात असं कधी वाटलं नाही. ठराव लिहायला बसले तेव्हा खण उघडा होता.