बुटाच्या नाडीची वेणी

बेलापूर स्टेशनवर उतरलेला माणूस बेलापुरात नसतो, श्रीरामपुरात असतो. दौंड-मनमाड मार्गावरच्या या स्टेशनाला नाव आमच्या गावाचं मिळालं आणि शहर मात्र तिथं दुसरंच वाढलं. गावात यायचं तर पुढं रिक्षा नाहीतर एसटी. नवख्या पाहुण्याची इथं हमखास फजिती होते. आमच्या गल्लीतला मेजर म्हणतो, जम्मूपासूनचा सगळा प्रवास एकीकडं आणि स्टेशनपासून घरापर्यंतचा एकीकडं. दीड-दोन दिवस गाडीत निमूट बसलेला माणूस, पण या शेवटच्या तुकड्यात त्याला रिक्षाचा खड्डासुद्धा सोसत नाही.

खरं तर तो हवालदार आहे. पण आपल्याकडं फौजेत गेलेला कुणीही मेजरच. बढती गावानं परस्पर देऊन टाकलेली असते, पगार तेवढा सरकार जुन्या हुद्द्याचा देतं. शाळेत तो माझ्या हाताखालून गेला, म्हणून मी अजून त्याला अरे-तुरे करतो आणि तो मला सर म्हणतो. या पावसाळ्यात तो अठ्ठावीस दिवसांच्या रजेवर आला होता. एका संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना मी विचारलं, "पाठीवर पिट्टू, हातात रायफल घेऊन तासन् तास चालता तेव्हा डोक्यात काय असतं रे?"

तो हसला. "पहिले चार-पाच किलोमीटर घर असतं, सर. मग पाय दुखायला लागले की नुसते पाय असतात."

"आणि शेवटी?"

"शेवटी परत घर. पण सगळं नाही. एखादीच गोष्ट."

त्याची ती एखादी गोष्ट म्हणजे लेकीच्या वेण्या. ती तिसरीत आहे. शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी लागतात. सकाळी बायकोच्या मागं गोठा, धार, डेअरीत दूध पोचवणं, डबे. त्या धांदलीत पोरीचे केस ओढले जातात आणि रडारड होते, हे तो रोज फोनवर ऐकायचा. मग त्यानं ठरवलं, रजेत वेण्या आपण घालायच्या. त्यासाठी बुटाच्या तीन नाड्या खाटेच्या दांडीला बांधून त्यानं सराव केला. बरॅकमधल्यांनी आधी टर उडवली. आठवडाभरानं त्यातलेच दोघं शिकायला येऊन बसले. त्यांनाही मुलीच होत्या. खिशातून काढून त्यानं ती वेणी मला दाखवली. काळी, वीतभर, घट्ट विणलेली, शेवटाला नाड्यांची तीन टोकं मिशीसारखी बाहेर आलेली. "नाडी घसरत नाही सर, केस घसरतात," तो म्हणाला. "तेल लावलेले तर हातात मासा धरल्यासारखे."

आठवण म्हटलं की आपण उसासा आणि चंद्र धरून चालतो. या गड्याची आठवण बोटांत होती.

आणि ती त्याला मला सांगता आली, हेही नवंच आहे. पहिल्या महायुद्धात आपले शिपाई फ्रान्समध्ये, मेसोपोटेमियात गेले, तेव्हा अनेकांची पत्रं दुसरा कुणीतरी लिहून देई, वाटेत लष्कराचा सेन्सॉर ती वाची आणि गावात पोचल्यावर ती मोठ्यानं वाचून दाखवणारा तिसराच असे. ज्या घरात नवरा-बायको एकमेकांचं नावही घेत नसत, तिथल्या माणसानं चार परक्या तोंडांतून जाणाऱ्या कागदावर बायकोला काय लिहावं? तो बैलाची चौकशी करणार. विहिरीला पाणी किती आहे विचारणार. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि त्या दोहोंच्या मधे जी उभी असेल तिनं आपलं समजून घ्यायचं. बैलाच्या चौकशीत किती काय भरलेलं असेल ते तिलाच कळत असणार.

शिपाई आणि घर यांचा हा प्रश्न त्याहून जुना आहे. कृष्णाजी अनंत सभासदानं १६९७ च्या सुमारास जिंजीला बसून शिवछत्रपतींची बखर लिहिली. तीत लष्कराची शिस्त सांगितली आहे. पावसाळ्यात फौजेनं आपल्या मुलखात छावणीला यायचं. तिथं दाणा-वैरण, औषधं, माणसांना घरं, घोड्यांना पागा आधीच तयार. दसरा झाला की बाहेर पडायचं आणि आठ महिने परमुलखात. फौजेत बाई न्यायची नाही, नेणाऱ्याला कडक शासन. आपल्याकडं यातला मोहिमेचा भाग फार आवडीनं सांगितला जातो. मला त्या चार महिन्यांचं जास्त कौतुक वाटतं. छावणी म्हणजे घर नव्हे, कबूल. पण माणूस आपल्या मुलखात, आपल्या पावसात असे. शिपायाला घरापासून तोडायचं तर त्याला परत कधी आणायचं, हेही त्याच कायद्यात लिहून ठेवलेलं होतं.

पुढं पेशवाईत हे बंधन सैल झालं. १७६० मध्ये भाऊसाहेब उत्तरेकडं निघाले तेव्हा सोबत कुटुंबं होती, यात्रेकरू होते. जेमतेम अठरा वर्षांचे नाना फडणवीस आईला आणि बायकोला घेऊन गेले होते. पानिपतच्या पळापळीत बायको वाचली, आई हरवली ती हरवलीच. हे त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. आपल्या माणसांना सोबत न्यावं, तर ती अशी जातात. मागं ठेवावं, तर माणूस चालता चालता झुरतो. यातून सुटका नाही. निदान परतीचे दिवस तरी त्याचे त्याला पुरते मिळावेत, एवढंच मागं राहिलेल्यांच्या हातात असतं.

आज जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा असते, शिवाय तीस दिवसांपर्यंत नैमित्तिक. २०२२ पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांना वर्षाला तीसच दिवस. मिळणार किती आणि कधी, हे सीमेवरच्या हवेवर ठरतं. तरी कागदावर का होईना, फौज त्याला हे दिवस देते. त्यांचं पुढं काय होतं, ते मी यंदा माझ्या गल्लीत मोजलं.

अठ्ठावीसपैकी चार रविवार. तीन दिवस सासुरवाडी आणि दवाखाना. नऊ दिवस एका सरकारी कचेरीत. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर वारस लागायचे राहिले होते. नऊच्या आत पोचलं तर नंबर लागतो, म्हणून हा साडेआठलाच घराबाहेर; पोरगी तेव्हा अजून अंघोळीलाही गेलेली नसायची. कधी साहेब मीटिंगला, कधी सर्व्हर डाऊन, एकदा अर्जाला जोडलेल्या झेरॉक्सवर सही राहिली म्हणून परत. "उद्या या." हे दोन शब्द उच्चारणाऱ्याला काहीच पडत नाहीत, कारण त्याच्याकडं उद्या पुष्कळ आहेत. समोरच्याकडं मोजून अठ्ठावीस होते. कुणी लाच मागितली नाही, कुणी उद्धट बोललं नाही. उलट फौजी आहे म्हटल्यावर बसायला खुर्ची दिली. खुर्ची देऊन दिवस घेतला.

कचेरीला नावं ठेवणं सोपं आहे आणि स्तंभलेखकाला ते शोभूनही दिसतं. पण एक दिवस मीही खाल्ला. २६ जुलैला कारगिल विजय दिनाचा कार्यक्रम करायचा आम्हा चार निवृत्त मास्तरांनी ठरवलं. सुट्टीवर आलेला जवान गल्लीतच आहे, मग सत्कारमूर्ती शोधायला कशाला जायचं? तो म्हणाला, "सर, कशाला?" मी म्हणालो, "अरे, पोरांना स्फूर्ती मिळते." माझ्या शब्दाला तो नाही म्हणू शकत नाही हे मला ठाऊक होतं, आणि मी ते वापरलं.

कार्यक्रम सकाळी नऊचा. पाहुणे आले साडेदहाला. तोवर हा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत एकटा. पाहुण्यांनी नामदेव जाधवांची गोष्ट मात्र छान सांगितली. हे जाधव आपल्याच प्रवरेकाठच्या संगमनेर तालुक्यातल्या निमजचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर त्यांनी गोळीबारात दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून पाठीवर बाहेर काढलं, मग एकट्यानं तीन मशीनगन ठाणी मोडली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय तेवीस. टाळ्या पडल्या. सन्मानपत्रात मशीनगनी मोजलेल्या असतात. एवढ्या पाण्यातून चालताना त्या पोराला प्रवरा आठवली का, घरातलं कोण आठवलं, यासाठी तिथं रकाना नसतो. आम्हीही तो रकाना न ठेवताच शाल आणि नारळ आमच्या सत्कारमूर्तीच्या हाती दिला. माझं लक्ष सहज त्याच्याकडं गेलं. उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर हळूहळू हलत होती: एक वर, एक खाली, एक मधून.

म्हणजे उरल्या अकरा सकाळी. अकरा दिवस वेण्या झाल्या. पहिल्या दिवशी दोन्ही दोन उंचीच्या झाल्या आणि वर्गात पोरी हसल्या. चौथ्या दिवसापासून बऱ्या जमल्या. हे सगळं त्याच्या बायकोनं सांगितलं, आणि सांगताना त्या अकरा सकाळी आपल्याला सावकाश बसून चहा मिळाला, हेही.

तो परत निघाला त्या रात्री मी मुद्दाम स्टेशनवर गेलो. त्यात थोडा माझ्या मनाचाही भार होता. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस रात्रीची. पावसाची रिपरिप, फलाटावर काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. बायको दोन पिशव्या पुनःपुन्हा तपासत होती. चटणी एकीत, लाडू दुसरीत, मग उलट. पोरीला झोप आली होती आणि ती रडायला निमित्त शोधत होती. आम्हा कुणालाच बोलायला काही सुचेना. तेवढ्यात भोंग्यावर आवाज आला, गाडी पन्नास मिनिटं उशिरानं धावत आहे.

फलाटावर सगळ्यांनी तोंड वाकडं केलं. बाजूचा एकजण रेल्वेला मोठ्यानं शिव्या घालू लागला. महिनाभर साहेब उशिरा आले, पाहुणे उशिरा आले, आणि प्रत्येक वेळी मेजरचंच काहीतरी गेलं. एवढा एकच उशीर त्याच्या पदरात पडला. तो ट्रंकेवर बसला, लेकीला पुढ्यात उभं केलं आणि दिवसभरात विस्कटलेल्या तिच्या दोन्ही वेण्या सोडल्या. कंगवा नव्हता, बोटांनीच विंचरलं.

"हलू नको," तो तिला म्हणाला. "पन्नास मिनिटं आहेत."