ज्या खेळाला उस्ताद नाही

नोव्हेंबर २०२२मध्ये दक्षिण कोरियाने 'युतनोरी' या खेळाला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. एरवी असा दर्जा देताना एखाद्या उस्तादाला किंवा मंडळाला त्या कलेचा अधिकृत धारक ठरवले जाते. इथे तसे कुणालाच ठरवले नाही. या खेळावर आजवर झालेल्या पांडित्यापेक्षा मला हा निर्णय अधिक शहाणपणाचा वाटतो.

या खेळात फाशांचे काम चार लाकडी कांड्या करतात. प्रत्येक कांडी एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने गोल. एकच उताणी, म्हणजे सपाट अंग वर करून, पडली तर 'दो', म्हणजे डुक्कर, आणि सोंगटी एक घर चालते. दोन पडल्या तर 'गॅ', कुत्रा. तीन तर 'गॉल', मेंढी. चारही उताण्या तर 'युत', बैल. चारही पालथ्या पडल्या तर 'मो', घोडा, आणि थेट पाच घरे. युत किंवा मो पडले, अथवा समोरच्याची सोंगटी मारली, की पुन्हा दान टाकायला मिळते. कवड्यांवर सोंगट्या खेळलेल्या मराठी माणसाला यात परके काहीच वाटणार नाही. स्ट्युअर्ट क्यूलिन या अमेरिकन अभ्यासकाने १८९५ सालच्या आपल्या ग्रंथात या खेळाला पचिसीच्या कुळाचा पूर्वजच मानले होते. साम्य उघड आहे. वंशावळ मात्र सिद्ध झालेली नाही.

पटावर २९ घरे असतात. कोरियातल्या जोसन राजवटीच्या काळातले विद्वान किम मुनप्यो यांनी मधले घर म्हणजे ध्रुवतारा आणि भोवतीची २८ म्हणजे नक्षत्रे, असा अर्थ लावला. अर्थ सुंदर आहे. पण काही गावांत युतनोरी पटाशिवायच खेळतात, सोंगट्या कुठे पोचल्या ते सगळ्यांनी मनात धरायचे. आकाशच काढून घेतले तरी खेळ अडत नाही, तेव्हा त्याचे मर्म दुसरीकडे शोधायला हवे.

ते मर्म मला दान आणि चाल यांच्या वाटणीत दिसते. समजा, आपल्या दोन सोंगट्या एकमेकींवर चढून एकत्र चालल्या आहेत. पुढचा कोपरा दोन घरांवर आहे. नेमके कोपऱ्यावर थांबले तर आडवाटेने मध्यावर शिरता येते. हवे होते गॅ, पडले गॉल. आता जोडी पुढे काढून लांबचा फेरा पत्करायचा, की ती तिथेच ठेवून नवी सोंगटी पटावर आणायची? मागे तीनच घरांवर समोरच्यांची सोंगटी टपलेली आहे, आणि जोडी मारली गेली तर दोन्ही पुन्हा आरंभापासून. इथे सगळा गट एकदम बोलू लागतो. दान सहा वर्षांच्या नातीने टाकलेले असते, चाल आजी, काका, जावई मिळून ठरवतात.

हिशेब मांडता येतो. कांडी दोन्ही अंगांवर सारखीच पडते असे धरले, तर १६ शक्यतांपैकी गॅ ६ वेळा, दो आणि गॉल प्रत्येकी ४ वेळा, युत आणि मो एकेकदाच. प्रत्यक्षात कांडी किती गोल तासली आहे त्यावर हे प्रमाण हलते, त्यामुळे जाणत्याचा अंदाजही पक्का राहत नाही. बादुक आणि जांगी हे कोरियाचे मोठे बुद्धीचे खेळ. त्यांत नवखा माणूस जाणत्यासमोर टिकत नाही. युतनोरीत टिकतो, जिंकतोही. ज्या समाजात वयाचा मान बोलण्याच्या क्रियापदापर्यंत पोचलेला आहे, तिथे नव्या वर्षाच्या दिवशी, सॉल्लालला, थोरांना वाकून नमस्कार केल्यावर हाच खेळ मांडला जातो, याला मी फार महत्त्व देतो.

मात्र या खेळाला माणसे लागतात. आज दक्षिण कोरियात साधारण तीनांतले एक घर एकट्या माणसाचे आहे. उस्तादाला मानधन देता येते, शिष्य नेमून देता येतो. दोन गट पडतील इतकी माणसे घरात आणून बसवणे कुठल्याच सरकारच्या हाती नाही. पहिल्या चांद्र महिन्यात गावोगावी आणि शहरांतल्या वस्त्यांमध्ये युतनोरीच्या स्पर्धा भरतात. तिथे नातेवाईक नसलेली माणसेही एका गटात येतात आणि एका चालीवरून भांडतात. या वारशावर पैसा खर्च करायचाच असेल, तर तो संग्रहालयातल्या काचेच्या कपाटांआधी त्या मैदानांत अंथरायच्या चटयांवर करावा.