औषधाने अपाय केला तर

नवं औषध माणसांवर तपासलं जात असताना त्या औषधाने एखादा माणूस दगावला, तर वारसांना किती पैसे द्यायचे याचं आपल्याकडे चक्क सूत्र आहे. ८ लाख रुपये हा पाया. त्याला वयाच्या आणि मूळ आजाराच्या जोखमीच्या गुणकांनी गुणायचं, ९९.३७ने भागायचं. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत चाचणी करवणाऱ्या कंपनीने पैसे मोजायचे. २०१९च्या नियमांत हे छापलेलं आहे. कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करा, असं तिथे कुणी म्हणत नाही. तेच औषध परवाना मिळवून दुकानात आलं, की मात्र सूत्र संपतं. चाचणीतल्या मोजक्या माणसांना जे मिळतं, ते नंतर तीच गोळी घेणाऱ्या लाखोंना मिळत नाही.

त्यांच्यासाठी वाट आहे ग्राहक आयोगाची. २०१९च्याच ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरलं, हे चांगलंच झालं. पण कलम ८७ वाचावं. तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची वस्तू असेल आणि धोक्याची सूचना उत्पादकाने त्या तज्ज्ञाला रीतसर दिली असेल, तर ‘आम्हाला बजावलं नाही’ म्हणून उत्पादकावर दावा चालत नाही. कंपनीने डॉक्टरला सांगितलं, संपलं. बाहेर पेशंट ताटकळत असताना डॉक्टरने तुम्हाला सांगितलं की नाही, ते तुम्ही आणि डॉक्टर बघा. शिवाय तक्रार दोन वर्षांच्या आत हवी, औषध विकत घेतलेलं हवं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळालेल्या गोळीने घात केला, तर तुम्ही ‘ग्राहक’ ठरणंच अवघड. आणि खोकल्याच्या बाटलीचं बिल जपून ठेवणारं घर मी तरी पाहिलेलं नाही.

हे सगळं जमलं तरी खरा डोंगर पुढेच असतो: अपाय या औषधानेच झाला, हे दाखवायचं कसं? जपानइतका महाग धडा यात क्वचितच कुणी घेतला असेल. १९५० आणि ६०च्या दशकांत तिथे हजारो लोकांचे पाय बधिर होऊ लागले, काहींची दृष्टी गेली. ‘स्मॉन’ असं त्या आजाराचं नाव पडलं. सुरुवात पोटदुखीने आणि जुलाबाने होई, म्हणून डॉक्टर क्लिओक्विनॉल देत. पोट आणखी बिघडलं की आणखी देत. (आपल्याकडेही पोट बिघडलं की एंटेरो-व्हायोफॉर्म, मेक्साफॉर्म घेतलं जाई. त्यातलं औषध हेच.) ते आतड्यातून रक्तात उतरतच नाही, अशी समजूत होती. त्यामुळे संशय गेला विषाणूवर, आणि रुग्णांना शेजारपाजाऱ्यांनी वाळीत टाकलं. काहींनी जीव दिला. १९७०मध्ये रुग्णांच्या हिरव्या लघवीत औषधाचा पत्ता लागला, सप्टेंबरात विक्री थांबली आणि नवे रुग्ण जवळजवळ दिसेनासे झाले. तरीही कंपन्या न्यायालयात विषाणूचंच नाव घेत राहिल्या. निकाल लागायला १९७८ उजाडलं.

जपानने पुढच्या वर्षी कायदा करून निधी उभारला. औषध कंपन्यांनी दरसाल त्यात वर्गणी भरायची. औषध नीट घेऊनही गंभीर अपाय झाला, तर उपचारखर्च, अपंगत्वाची पेन्शन, मृत्यू झाल्यास वारसांना रक्कम. कुणाला दोषी ठरवण्याची अट नाही. कॅन्सरवरची बरीच औषधं यातून वगळली आहेत. उत्पादकाचा दोष उघड असेल तिथेही हा निधी पैसे देत नाही, तिथे कोर्टच.

दोष उघड असला की आपण काय करतो? १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण मेले. लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरं बाहेर काढली. तेच विष पुढे जम्मूतल्या रामनगरमध्ये खोकल्याच्या औषधातून मुलांच्या पोटात गेलं. मानवाधिकार आयोगाने प्रत्येक कुटुंबाला ३ लाख द्यायला सांगितलं, तर तिथलं प्रशासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलं. नोएडात बनलेल्या सिरपने उझबेकिस्तानात मुलं दगावली, तेव्हा ताश्कंदच्या न्यायालयाने २०२४मध्ये मृत मुलांच्या प्रत्येक कुटुंबाला ८० हजार डॉलर ठरवले. आपल्या कायद्यातही भेसळीच्या औषधाने मृत्यू झाल्यास किमान १० लाख दंड आणि तो वारसांना द्यावा, अशी तरतूद २००८च्या दुरुस्तीपासून आहे. पण दंड शिक्षेनंतर येतो, आणि शिक्षा कधी येईल ते कुणी सांगावं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की तुरुंग आणि भरपाई यांची गाठ सोडवावी. फौजदारी खटला चालेल तितकी वर्षं चालू दे. घरच्यांना पैसे आधी निधीतून मिळावेत आणि दोषी सापडला की सरकारने ते त्याच्याकडून वसूल करावेत. या बाबतीत जपानच्याही पुढे जायला हवं. औषधं महागतील, ही ओरड होईल. होऊ दे, वर्गणी विक्रीच्या प्रमाणात ठेवता येते. खोटे दावे येतील, हा आक्षेप जास्त वजनाचा. पण अपाय औषधानेच झाला का, हे तपासायची यंत्रणा आज आहे: २०१०पासूनच्या राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमात वैद्यकीय महाविद्यालयांतली केंद्रं नेमकं हेच काम करतात आणि नोंदी गाझियाबादच्या राष्ट्रीय केंद्राला पाठवतात. त्या निष्कर्षाचा भरपाईशी काही संबंध नाही, एवढंच काय ते उरलंय, आणि तो जोडायला संसदेची एक दुरुस्ती पुरेल.