काम कुठाय?

'सारख्या कामाला सारखा पगार.' घोषणा झकास आहे. मीही घसा फोडून दिलीय. पण दोस्तांनो, काम सारखं होऊच दिलं नाही तर?

मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात कमाई जास्त असायची. कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढायचा. त्या धाग्याला आपली थुंकी लागली तर सवर्ण साचेवाला बाटणार! (धूळ दोघांच्याही छातीत जायची, ती बाटत नव्हती.) म्हणून आपला माणूस कमी पगाराच्या रिंगखात्यात. तिथं दर सगळ्यांना एकच. म्हणजे हिशेबात अन्याय शून्य, मालकाची वही स्वच्छ.

१९२८ च्या संपात बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना हेच सुनावलं: साचेखात्याचं दार उघडण्याची मागणी घाला, नाहीतर आमची माणसं संपात धरू नका. पुढाऱ्यांनी ती नाखुशीनं घातली. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. ते खोटं नव्हतं, हीच बोच आहे. दार कामगारानंच अडवलं होतं.

१९७६ चा समान वेतन कायदा बाई-पुरुषांच्या पगारातला भेद मोजायचा. मोजायला शेजारी दुसरा माणूस लागतो. गटारात उतरणाऱ्या भावाचा पगार कुणाच्या पगाराशी ताडून बघायचा? त्याच्या शेजारी दुसऱ्या जातीचं कोण उभंय?