मुखपट्टी व शेजारधर्म

एखादी वस्तु सुधारली असें आपण म्हणतों, तेव्हां ती कोणासाठीं सुधारली, हें सहसा विचारीत नाहीं. सन २०२० च्या साथीनें तो प्रश्न आम्हांपुढें मुखपट्टीच्या रूपानें उभा केला.

त्या वर्षीं ८ एप्रिलला मुंबई महानगरपालिकेनें मुखपट्टी सक्तीची केली. पुढें टाळेबंदी सैल झाल्यावर आम्ही आरे कॉलनींत फिरावयास जाऊं लागलों. शहराच्या आरोग्यासाठीं म्हशींचे गोठे शहराबाहेर नेण्याकरितां १९४९ मध्यें वसविलेली ही वसाहत. तेथें गोठ्यावरून परतणारा एक गडी रोज भेटे. त्याच्या तोंडाला साधें दुपदरी कापड. आमच्या तोंडावर झडपेची उंची एन-९५ मुखपट्टी. आम्हांस त्याची कींव येई.

परंतु झडपेची करणी पाहावी. श्वास घेतांना ती मिटते व हवा गाळून आंत येते. श्वास सोडतांना ती उघडते व हवा न गाळतांच बाहेर पडते. धुळीच्या कारखान्यांत हें योग्यच. तेथें कामगाराचा उच्छ्वास कोणास बाधत नाहीं. साथींत मात्र तोच बाधतो. म्हणूनच जुलै २०२० मध्यें केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनीं अशा मुखपट्ट्यांविरुद्ध राज्यांस पत्र धाडलें. गड्याचें कापड त्याच्या तोंडचे तुषार बरेचसे अडवी. म्हणजे तो आमचें रक्षण करीत होता. आम्ही केवळ आमचें.

कोणी म्हणेल, झडपेचा दोष एवढा मोठा नव्हे. तें खरें आहे. अमेरिकेंतील सरकारी संशोधकांनीं त्याच डिसेंबरांत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, झडपेची पट्टीही बाहेर जाणारे कण साध्या पट्टीइतपत अडविते, असें आढळलें. पण ती विकत घेतांना ‘समोरच्याचें काय?’ हा प्रश्न आमच्या मनास शिवलाही नाहीं, हा दोष लहान म्हणतां येणार नाहीं.

झडप नसलेली एन-९५ दोन्हींकडून गाळते. श्वास सोडणें तेवढें जड होतें. सुधारणा कधीं कधीं आपली एक सोय सोडण्यांतच असते. आणि ती गड्यासही परवडली पाहिजे. ऑक्टोबर २०२० मध्यें महाराष्ट्र शासनानें एन-९५ ची कमाल किंमत प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये ठरविली, ती याच दृष्टीनें मोलाची.

गुरांना मुसकें धनी बांधतो. माणसानें आपल्या तोंडास पट्टी आपण होऊन बांधावी, यांत त्याचा मान आहे. एप्रिल २०२२ मध्यें राज्यांतील सक्ती उठली. आतां खोकला झाला असतां गाडीच्या गर्दींत आम्ही ती बांधतों कीं नाहीं, यावरूनच आमचा शेजारधर्म ओळखावा.