बिघाडात न मोजलेला बिघाड

जुन्या नोटांमधली एक सोय डोळस माणसांच्या कधी ध्यानातच आली नाही. हजाराची नोट १७७ मिलिमीटर लांब होती, पाचशेची १६७, शंभराची १५७ आणि पन्नासची १४७. दर पायरीला एक सेंटिमीटर कमी. दृष्टिहीन माणूस बोटांच्या मापानं नोटा वेगळ्या करायचा. सुट्टे देताना कुणी शंभराऐवजी पन्नास टेकवले तर जागच्या जागी बोलायचा. नोव्हेंबर २०१६ पासून आलेल्या नव्या मालिकेत पाचशेची नोट १५० मिलिमीटरची झाली, दोनशेची १४६ आणि शंभराची १४२. रुंदी तिन्हींची एकच. चार मिलिमीटरचा फरक दोन नोटा एकावर एक ठेवल्या तर कळतो, रिक्षातून घाईघाईनं उतरताना कळत नाही. ‘नॅब’ ही अंधांची संस्था यावर मुंबई उच्च न्यायालयात गेली. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ नावाचं अ‍ॅप आणलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून दाखवतं. म्हणजे जे काम बोटं करत होती ते फोनकडे गेलं.

आणि फोनवरचं सगळंच अपडेटच्या हवाली असतं. नोटा काही दशकांनी बदलतात, अ‍ॅप दर पंधरवड्याला बदलतं.

दृष्टिहीन माणूस फोन कसा वापरतो हे इथं थोडं सांगायला हवं, कारण ते माहीत नसल्यामुळेच पुढचा घोटाळा होतो. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर, संगणकावर एनव्हीडीए किंवा जॉज असे स्क्रीन रीडर असतात. ते मुख्यतः पडद्यावरचं चित्र बघत नाहीत. अ‍ॅप बनवणाऱ्यानं प्रत्येक घटकाबद्दल आत जी माहिती लिहून ठेवलेली असते ती वाचतात: हे बटण आहे, याचं नाव ‘पैसे पाठवा’, हे सध्या बंद आहे. बोट उजवीकडे सरकवलं की पुढचा घटक, दोनदा टिचकी मारली की तो दाबला जातो. डोळस माणसाला पडदा एका दृष्टिक्षेपात मिळतो. ऐकणाऱ्याला तो एकामागून एक, रांगेत मिळतो. म्हणून तो रांग पाठ करतो. शिल्लक किती ते सातव्या सरकवणीला, मागचे व्यवहार नवव्या. रोजच्या वापरातली दहा-बारा अ‍ॅप अशी अंगवळणी पडलेली असतात, आणि सरावलेला माणूस ती अशा वेगानं वापरतो की शेजारच्याला कानावर पडणारे शब्दही कळत नाहीत.

आता एका रात्रीत अपडेट येतं. ‘पैसे पाठवा’ ही अक्षरं काढून तिथं कुणीतरी बाणाचं देखणं चित्र ठेवलेलं असतं. चित्राला नाव द्यायचं राहिलं. कानात येतं, “अनलेबल्ड बटण”. पुढे सरकवा, “अनलेबल्ड बटण”. त्यातलं एक पैसे पाठवतं, एक मागतं, एक कदाचित खातं बंद करतं. कधी नवीन जाहिरातीची चौकट उघडते आणि तिचं बंद करण्याचं बटण स्क्रीन रीडरला दिसतच नाही. अख्खं अ‍ॅप तिच्यामागे अडकून राहतं. कधी पिन टाकायचा अंकफलक चित्रासारखा रंगवलेला असतो, त्यात अंक असे काही नसतातच. नुसती रांग बदलली तर दोन दिवस वैताग होतो आणि माणूस नवी रांग शिकतो. त्याबद्दल तक्रार करण्याचं कारण नाही, बदल सगळ्यांनाच सोसावा लागतो. पण नाव नसलेलं बटण शिकता येत नाही.

मागं फिरावं म्हटलं तर ती वाटही नाही. प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअर जुन्या आवृत्तीवर परत जाण्याचं बटण देत नाही. म्हणून अनुभवी दृष्टिहीन मंडळी आपोआप होणारी अपडेट बंद ठेवतात आणि आधी ओळखीतल्या कुणीतरी धाडस करावं अशी वाट बघतात. यात गंमत अशी की सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच अपडेटमधून येतात. ज्याला आपल्या पडद्यावर कोण काय करतंय ते दिसत नाही, त्यालाच जुनं, भोकं पडलेलं अ‍ॅप वापरत राहणं शहाणपणाचं वाटावं, अशी वेळ आपण आणली आहे. बँकांच्या अ‍ॅपांत तर तीही मुभा नसते. नवी आवृत्ती घेतल्याशिवाय अ‍ॅप उघडतच नाही.

सुरक्षेच्याच नावाखाली आणखी एक प्रकार चालतो. अँड्रॉइडमध्ये अपंगांसाठी जी सहायक सेवा असते तिचा गैरवापर करून पैसे लुटणारी घातकी अ‍ॅप निघाली, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणून काही अ‍ॅप ही सेवा चालू दिसली की व्यवहारच रोखतात. चोर त्या दारानं येतो म्हणून दार विटांनी बुजवलं, आत राहणाऱ्याचं काय हे विचारलं नाही. ओळखीचे, खात्रीचे स्क्रीन रीडर आणि अनोळखी अ‍ॅप यांत फरक करणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. त्यासाठी फक्त कुणाला तरी तो फरक करावासा वाटायला हवा.

हे दुखणं नवीन नाही. डॉसच्या काळात पडद्यावर अक्षरंच असायची आणि ती वाचून दाखवणं सोपं होतं. चित्रमय विंडोज आलं तेव्हा नोकरीत स्थिरावलेल्या अंधांपुढे काम कसं करायचं हा प्रश्न उभा राहिला. पुढे वाचण्याची सोय बसवली गेली, आणि १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररची चौथी आवृत्ती आली तेव्हा तिसऱ्या आवृत्तीत असलेली ती सोय मागेच राहिली होती. अमेरिकेतल्या अंधांच्या संघटनांनी ओरड केल्यावर ४.०१ मध्ये ती परत आली. २००६ मध्ये मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर सुरू केला, तेव्हापासून महागडं सॉफ्टवेअर न परवडणाऱ्यांची मोठी सोय झाली. पण वाचणारा कितीही हुशार झाला तरी लिहिलेलंच नाही ते तो काय वाचणार? आता कृत्रिम बुद्धिमत्तेनं चित्राचा अंदाज बांधून सांगणारे स्क्रीन रीडर आले आहेत. फोटोत कुत्रा आहे की मांजर याला अंदाज चालतो. ‘पाठवा’ की ‘रद्द करा’ याला अंदाज चालत नाही.

हे सगळं कुणी दुष्टपणानं करत नाही, हे मला मान्य आहे. पण निष्काळजीपणा एवढा शब्दही पुरत नाही. खरी गोष्ट कंपनीच्या आतल्या वर्गवारीत आहे. अपडेटनंतर डोळस ग्राहकांचं पैसे पाठवायचं बटण चालेनासं झालं, तर रात्री दोनला माणसं उठवली जातात आणि अपडेट मागं घेतलं जातं. तेच बटण स्क्रीन रीडरवर चालेनासं झालं, तर नोंदवहीत ‘किरकोळ’ असा शेरा पडतो आणि तीन आवृत्त्यांनंतर बघू असं ठरतं. बिघाड एकच, व्यवहार तोच अडलेला. फक्त अडलेला माणूस वेगळा. ग्राहक सेवेला कळवलं तर उत्तर येतं, कृपया स्क्रीनशॉट पाठवा.

संख्येचा मुद्दा लगेच पुढे केला जातो. २०११ च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेले लोक ५० लाखांहून अधिक होते. एखाद्या छोट्या देशाएवढी ही वस्ती आहे. खर्चाचा मुद्दा तर आणखी पोकळ. बटणाला नाव देणं ही बहुतेक वेळा एका ओळीची गोष्ट असते. आलेख, नकाशे, खेळ यांचं काम अवघड आहे, तिथं सवलत मागावी. बाणाच्या चित्राला कसली सवलत?

शिवाय एकदा चाललेलं अ‍ॅप बंद पडणं हे कधीच न चालण्यापेक्षा वाईट असतं. कारण मधल्या काळात माणसानं जुनी वाट सोडलेली असते. बँकेच्या शाखेत ओळखीचा कारकून राहिलेला नसतो, खिशात रोकड नसते. मग पिन सांगावा लागतो पुतण्याला, शेजाऱ्याला, सोसायटीच्या वॉचमनला. ज्या अ‍ॅपनं पहिल्यांदा आपले पैसे आपल्यापुरते ठेवण्याची सोय दिली, त्याच अ‍ॅपचं अपडेट ती काढून घेतं.

कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात माहिती तंत्रज्ञान सुगम असावं असं कलम आहे. पहिल्या उल्लंघनाला दंड जास्तीत जास्त दहा हजार रुपये, जो बड्या कंपनीच्या एका बैठकीच्या चहापाण्यात निघून जाईल. सर्वोच्च न्यायालयानं मात्र ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात पुढचं पाऊल टाकलं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन नागरिकांना डिजिटल केवायसीत डोळे मिचकावून दाखवण्यासारख्या अटींमुळे येणारी अडचण तिथं मांडली गेली होती. डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. दिलेल्या वीस निर्देशांपैकी एकात नियतकालिक तपासणी सांगितली आहे, आणि अ‍ॅप तयार करताना किंवा नवी सुविधा आणताना दृष्टिहीन व्यक्तींना चाचणीत सामील करून घ्यावं असंही म्हटलं आहे. माझ्या मते सगळ्या निकालातलं सर्वांत कामाचं वाक्य हेच. एकदा मिळवून भिंतीवर लावलेलं सुगम्यतेचं प्रमाणपत्र पुढच्या अपडेटला निरुपयोगी होतं, हे त्यात ओळखलेलं आहे.

हिंजवडीत किंवा बंगळुरूत बसून हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या हातात अपडेट सोडायची परवानगी असते, त्यांना एवढंच सांगणं आहे. सोडण्याआधी टॉकबॅक चालू करून एक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघा. तो पूर्ण झाला नाही तर अपडेट थांबवा, जसं इतर कुठल्याही बिघाडासाठी थांबवता. आणि ही चाचणी करायला दृष्टिहीन माणूस नेमा, पगार देऊन.